इंजिन बंद करून पाहिलेलं तेल

माझ्या तोंडून ही गोष्ट आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला माझं बहुतेक सगळं ठाऊक असतं — कुठे चहा प्यालो, कोणाशी भांडलो, कोणाला उगाच हो म्हणून आलो. दोन-तीनदा अगदी जिभेवर आली होती. दर वेळी मी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि ती तिथंच दाबली. आज सांगतो. मध्ये मध्ये अडखळेन — सरळ सांगता येत असतं तर सहा वर्षं कशाला लागली असती?

मी मिस्तरी. कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशिम रस्त्याला लागून, धाब्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी माझं गॅरेज आहे. रेडिएटर हे माझं खास काम. गळका, तुंबलेला, फुटलेला — कसलाही आणा. ट्रकवाले वाशिमहून माझ्याकडे येतात, वाटेतली दोन गॅरेजं सोडून. लोक मला उस्ताद म्हणतात. हे मी बढाई मारायला सांगत नाही, असं म्हणणार होतो — पण खोटं कशाला बोलू? बढाईच आहे. आणि पुढचं सगळं त्या एका शब्दापायीच झालं.

देवराव माझा लहानपणापासूनचा मित्र. नाक्यापासून तीन-चार किलोमीटरवर त्याचा मळा. पण शेतीपेक्षा तो शेळ्यांचा माणूस. बाप, आजा, सगळे शेळ्या-मेंढ्यांमागे चाललेले. देवरावही दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर सहज चालायचा, आणि मला म्हणायचा, तू गाड्या दुरुस्त करतोस कारण तुला चालता येत नाही. मग एक दिवस रस्ता ओलांडताना टेम्पोनं उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चालणारा माणूस बाजेवर आला. दीड वर्ष तो अंगणातल्या त्या बाजेवरून शेळ्या जाताना बघायचा आणि येताना बघायचा. मी भेटायला गेलो की म्हणायचा, ‘बस, मी कुठं पळून जात न्हाई.’

त्याला त्यातून बाहेर काढलं एका गाडीनं. पुतण्यानं शहरातून जुनी, मोठी, ऑटोमॅटिक गिअरची गाडी शोधून आणली. तिला क्लच नाही. एक रेस, एक ब्रेक, बस. डाव्या पायाला कामच नाही. देवरावला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, ‘म्हंजे ही गाडी माझ्यासाठीच केली म्हन की!’ महिनाभरात शिकला. एकादशीला स्वतः चालवत नरसीला दर्शनाला जाऊन आला, आणि येताना माझ्या गॅरेजसमोर थांबून मी बाहेर येईपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझ्याही. पुढे त्यानं मागे हूक बसवून घेतला आणि छोटी ट्रॉली जोडली. आठवडी बाजाराला शेळ्या न्यायला दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघायची गरज उरली नाही.

आता कावेरी. देवरावची सून. खरं म्हणजे ही गोष्ट तिचीच आहे, आणि तिच्यापाशी यायला मी इतका वेळ लावतोय — का लावतोय ते तुम्हाला कळेलच. देवरावचा मुलगा मारुती साधा माणूस, शेळ्यांत रमणारा, चारचाकीला भिणारा. देवरावला रोज गाडी चालवणं जमायचं नाही, कापलेला पाय सुजायचा. म्हणून त्यानं सुनेला शिकवलं. स्वतः शेजारी बसून. ‘डावा पाय इसरून जा, माझ्यासारखा,’ म्हणायचा. आणि त्याचं एक माप होतं. मागच्या ट्रॉलीत शेळ्या ओरडल्या म्हणजे ब्रेक कडक लागला, रेस हिसक्यानं दिली. शेळ्या गप राहिल्या म्हणजे गाडी नीट चालली. पोरगी चार महिन्यांत अशी तयार झाली की लायसन काढून आली. गावात कुजबुज झाली. सून गाडी चालवते, तीही एकटी बाजारापर्यंत! देवरावला कोणी पारावर टोचलं तर तो म्हणायचा, ‘माझा डावा पाय गेला व्हता, तो वापस आला. ही कावेरी माझा डावा पाय हाय.’

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा.

दुसऱ्या उन्हाळ्यात गाडीनं कुरबुर सुरू केली. भरलेली ट्रॉली ओढताना जळका वास यायचा, गिअर उशिरा पडायचा. मी तेल पाहिलं. लाल असायला हवं ते तपकिरी झालं होतं. रोग कळला. अशा गाडीत गिअरबॉक्सचं तेलच सगळं काम करतं, आणि ते तापलं की आतून सगळं जळायला लागतं. ते थंड व्हायला रेडिएटरमधून फिरून येतं, पण वैशाखातलं आमच्याकडचं ऊन आणि मागे ट्रॉली — तेवढ्यानं भागत नाही. उपाय एकच. आणखी एक छोटा रेडिएटर, फक्त त्या तेलासाठी. ऑइल कूलर म्हणतात. मोठ्या रेडिएटरच्या पुढे बसवायचा, तेलाचा परतीचा पाइप त्यातून फिरवून आणायचा.

रेडिएटर! म्हणजे माझंच काम. मी असा खूश झालो की विचारू नका. देवराव मात्र म्हणाला, ‘नांदेडला अशा गाड्यांचा एक मिस्तरी हाय म्हनत्यात. एक फोन करून इचारून तर घे.’

मला ते झोंबलं. मी म्हणालो, ‘रेडिएटर बसवायला मला नांदेड इचारावं लागंल का आता?’ त्यानं विषय सोडला. मित्रच तो. माझं मन राखलं त्यानं.

दोन दिवस मी त्या गाडीवर होतो. आणि काम — आजही जाऊन बघा. कूलर जाळीला चिटकवला नाही, लोखंडी पट्ट्या वाकवून, खाली रबर देऊन बसवला, म्हणजे घासून भोक पडायला नको. पाइप पाण्याचे नाही, तेलाचेच आणले. जोडांवर क्लिपा दुहेरी. एक थेंब गळाला नाही. त्या कामाला नाव ठेवायला कोणालाही जागा नाही, मी स्वतःही अजून ठेवू शकत नाही.

चूक कामात नव्हती. चूक त्यानंतर झाली, हात धुवायच्या वेळी म्हणा.

तुम्ही कुठल्याही मिस्तरीला विचारा, गाडीचं तेल कसं बघायचं? तो झोपेतसुद्धा सांगेल. इंजिन बंद कर. दहा मिनिटं थांब, तेल खाली उतरू दे. तेल मोजायची पट्टी काढ, पूस, परत घाल, काढ, बघ. माझ्या उस्तादानं हे मला थपडा मारून शिकवलं होतं, कारण मी घाईनं चालू इंजिनावर पट्टी काढायचो. चाळीस वर्षं हात तेच करत आलेला. कूलर जोडला, नवं तेल भरलं, गाडी थोडी चालू ठेवली, बंद केली, आणि मी जेवायला गेलो. भाकरी, ठेचा, वर एक डुलकी. येऊन पट्टी काढली. तेल खुणेच्या वर, चांगलं दोन बोटं. म्हटलं, जास्त झालं वाटतं. नळी घालून दीड लिटर काढलं. खुणेला बरोबर आणलं. काढलेलं तेल वाया जायला नको म्हणून डब्यात भरून फळीवर ठेवलं. स्वतःवरच खूश झालो, म्हटलं, किती नीट काम करतोस तू.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून बघायचं असतं. बंद केली की वरचं सगळं तेल खाली येऊन बसतं आणि पट्टी जास्त दाखवते. एवढी साधी गोष्ट. एका फोनची गोष्ट.

ट्रायलला कावेरी आली. देवरावनं मुद्दाम ट्रॉली भरून एका ट्रॅक्टरमागे जोडून पाठवली होती, अकरा शेळ्या. ती चालवत होती, मी शेजारी बसलो होतो. हिंगोलीच्या बाजूला पाच-सहा किलोमीटर गेलो असू. मी कान गिअरबॉक्सकडे लावून बसलेलो. एका चढावर इंजिन उगाच घोंगावल्यासारखं झालं, गाडी क्षणभर मागे राहिली. मला कळलं ते. नवं तेल आहे, मुरेल — असं मी मनाशी म्हणालो आणि सोडून दिलं. पण दुसरी एक गोष्टही कळली. वाटेत गतिरोधक आले, खड्डे आले, समोर एकदा म्हैस आली, आणि मागून आवाज नाही. मी वळून बघितलं आणि म्हणालो, ‘कावेरी, शेळ्या हायत न्हवं? का उतरून गेल्या?’ ती हसली. म्हणाली, ‘मामांनी शिकवलंय, काका.’ सासऱ्याला ती मामा म्हणते. हे मला अगदी लख्ख आठवतं, आणि हे आठवतं हीच तर अडचण आहे.

आठ-दहा दिवसांनी बाजाराच्या दिवशी भर दुपारी तिचा फोन आला. ‘काका, गाडी नुसती ओरडून राहिली, पर जात न्हाई.’ मी मोटरसायकलवर निघालो. तिनं तोवर शेळ्या उतरवून चिंचेखाली बांधल्या होत्या, शेजारच्या शेतातून बादलीनं पाणी आणून पाजलं होतं. घाबरलेली होती, पण जे करायचं ते सगळं नीट केलेलं होतं. देवराव त्या दिवशी घरीच होता, पाय सुजलेला.

बॉनेट उघडलं. जळक्या तेलाचा वास भपकन नाकात गेला. पट्टी काढली, इंजिन बंदच होतं. तेल खुणेला बरोबर. मला कळेना. तेल पुरेसं आहे, कूलर गार आहे, मग जळलं काय? म्हटलं, ‘कावेरी, चालू कर बरं.’ तिनं चालू केली. गाडी पुढे जाईना, मागे जाईना. आणि मी, का कोण जाणे, तशीच चालू गाडीत पट्टी परत ओढली.

कोरडी.

पुसली. परत घातली, परत काढली. कोरडी. टोकाला तेलाचा डागसुद्धा नाही. बंद गाडीत खुणेपर्यंत भरलेलं तेल चालू गाडीत नव्हतंच. मी तिथं उन्हात उभा राहिलो आणि मला माझं जेवण आठवलं, डुलकी आठवली, फळीवरचा डबा आठवला. सगळं एकदम समजलं. आठ-दहा दिवस ती पोर दीड लिटर कमी तेलावर ट्रॉली ओढत होती, आणि ते तेल मी माझ्या हातानं काढलेलं होतं.

तेवढ्यात देवरावचा फोन आला. ‘काय झालं रं?’

खोटं बोलायला किती वेळ लागतो, तुम्हाला काय वाटतं? मला वाटायचं माणूस विचार करत असेल, घाम येत असेल, आवंढा गिळत असेल. तसं काही होत नाही. मी पट्टी फडक्यानं पुसली, जागेवर ठेवली आणि म्हणालो, ‘पाय कडक पडला रे. एक पाय ब्रेकवर अन् दुसरा रेसवर, असं झालं असंल. ओझं व्हतं मागं. गिअर जळला.’

कावेरी तिथंच बसली होती, दार उघडं होतं. तिनं सगळं ऐकलं. आधी तिनं खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, ‘न्हाई काका, डावा पाय म्या हलवतच न्हाई.’

आणि मी काय केलं माहीत आहे? मी तिची समजूत घातली. मायेनं. ‘तुला कळलं नसंल, पोरी. गडबडीत व्हतंय असं कोनाचंबी.’ डाफरलो असतो तर कदाचित ती भांडली असती. मी गोड बोललो, म्हणून तिनं मानलं. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, ‘असंल, काका. एकदा कुत्रं आडवं आलं व्हतं, तवा झालं असंल.’

गाडी ट्रॅक्टरनं ओढून माझ्या गॅरेजात आणली. सगळे गेल्यावर मी फळीवरचा तो डबा काढला आणि दीड लिटर तेल परत गाडीत ओतलं. एक थेंबही सांडला नाही.

मग देवरावनं नांदेडच्या त्या मिस्तरीला बोलावलंच. आला, आणि आल्या आल्या त्यानं पहिलं काय केलं असेल? इंजिन चालू केलं आणि पट्टी काढली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा. तेल बरोबर. ‘कूलर मस्त बसवला आहे कोणी तरी,’ म्हणाला. ‘तेल जळलंय, पण माप ठीक. मग चालवणाऱ्याचंच काही तरी.’ माझ्या खोट्याला साक्षीदार मिळाला. आतल्या प्लेटा जळून गेल्या होत्या. तसा दुसरा गिअरबॉक्स देवरावच्या ऐपतीबाहेरचा होता. गाडी मळ्यावर लिंबाखाली नेऊन उभी केली. सहा वर्षं ती तिथंच आहे. आता मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात.

देवराव सुनेला एक शब्दही वाकडा बोलला नाही. तसा माणूसच नाही तो. फक्त ‘माझा डावा पाय’ म्हणणं बंद झालं. तो परत बाजेवर आला. शेळ्या परत दुसऱ्याच्या टेम्पोतून जाऊ लागल्या. गावाला तर आयतंच कोलीत मिळालं — आम्ही म्हणत नव्हतो का, बाईच्या हातात गाडी! कावेरीनं लायसन पत्र्याच्या पेटीत टाकलं. एकदा मारुतीनं मोटरसायकल शिकवतो म्हटलं, तर तिनं हात लावला नाही.

सांगता आलं असतं का? आलं असतं. पहिल्या दिवशी, आठव्या दिवशी, कुठल्याही दिवशी. गॅरेज बंद पडलं असतं का? नाही. ट्रकवाल्यांना याच्याशी काय देणंघेणं? चार दिवस हसले असते लोक, उस्तादाला तेल बघता येत नाही म्हणून. तेवढंच. चार दिवसांचं हसू मला नको होतं, म्हणून मी एका पोरीचं सगळं घेतलं. आता कोणी ऑटोमॅटिक गाडी आणली की मी इंजिन चालू ठेवूनच तेल बघतो, आणि पाहणाऱ्याला ऐटीत सांगतोही, ‘हे बघ, हिचं तेल असं बघायचं असतं.’ लोक म्हणतात, वा उस्ताद.

इथपर्यंतचं जुनं झालं. आता मागच्या महिन्यातलं.

देवरावच्या विहिरीवरचं इंजिन पाणी उचलत नव्हतं, म्हणून मी मळ्यावर गेलो होतो. काम झालं, आम्ही अंगणात चहा घेत बसलो. एक मॅडम आल्या. जवळच्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. शाळेनं मुलींना ने-आण करायला गाडी घेतली होती, आणि पालक म्हणत होते, चालवायला बाईच पाहिजे. आजूबाजूच्या गावांत लायसन असलेली बाई कुठे आहे असं विचारत विचारत त्या इथवर आल्या होत्या. म्हणाल्या, ‘गाडी ऑटोमॅटिकच आहे. तुम्हाला सोपी जाईल.’

कावेरीनं लिंबाखालच्या गाडीकडे बघितलं. फक्त एक क्षण. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. देवराव पहिल्यांदा नरसीहून आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं. मग ते गेलं. ती पदर सावरत म्हणाली, ‘न्हाई मॅडम. माझा पाय कडक हाय. एक गाडी जाळली म्या. लेकरं बसायची त्या गाडीत — नको.’

मॅडमना पटेना. ‘एकदा होतं असं कोणाचं. तुम्ही प्रयत्न तर करा.’

‘तसं न्हाई. काकांना इचारा. त्यांनीच बघितली व्हती गाडी.’

देवराव माझ्याकडे बघत होता. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. आणि कावेरी — ती कशी बघत होती, सांगू? आशेनं. मी नाही म्हणावं, म्हणावं की अगं एवढं काही नव्हतं, असं तिला वाटत होतं. तिला स्वतःलाही ते कळत नसेल, पण मला दिसत होतं. एक वाक्य लागत होतं फक्त. ते तयारही होतं तोंडात, सहा वर्षांपासून.

‘व्हय,’ मी म्हणालो. ‘पाय कडक हाय तिचा.’

मॅडमनी मान हलवली, चहा संपवला आणि उठल्या. कावेरीनं कप गोळा केले. माझ्यापाशी येऊन विचारलं, ‘काका, आनखी घेता का थोडा?’ मी घेतला. तिनं ओतला, मी प्यालो.

तिचा पाय कडक नव्हता. मी शेजारी बसून बघितलं होतं. पाच-सहा किलोमीटर रस्ता, खड्डे, गतिरोधक, समोर म्हैस. मागे ट्रॉलीत अकरा शेळ्या होत्या, आणि त्यांतली एकही ओरडली नव्हती.